ताट पुढे गेलं

सुयोगने इवल्याशा पेल्यातला द्राक्षरस तळहातावर ओतला, भुरकन प्यायला आणि ओला हात भक्तिभावाने डोक्यावरून फिरवला, तेव्हा सलोमी साळवेला भर चर्चमध्ये हसू आवरेना.

बिचाऱ्याचा काय दोष? ऑफिसातल्या राजेशच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला तो मुलुंडच्या या मराठी चर्चमध्ये पहिल्यांदाच आला होता. रांगेतून प्रभुभोजनाचं ताट आलं. त्यात भाकरीचे तुकडे, रसाचे पेले. बाप्तिस्मा न झालेल्याने ताट नुसतं शेजारच्याला द्यायचं असतं, हे कोकणातल्या माणसाला कुणी सांगावं! समोर आलेला प्रसाद नाकारायचा नाही, एवढंच त्याला ठाऊक.

"अहो, ते तीर्थ नाही," ती कुजबुजली.

"सॉरी... म्हणजे वाट लागली का माझी?"

"लागली. पुढच्या रविवारी या, अर्थ समजावून सांगते."

ती संडे स्कूलची टीचर होती, आणि तो खरंच आला. घाटकोपर ते मुलुंड काही लांब नाही. पण रविवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून माणूस यायला लागला की प्रकरण चर्चपुरतं राहिलेलं नसतं.

चर्च सुटलं की दोघं पाच रस्ता नाक्यापर्यंत चालत जायची. शेवपुरी खाता खाता तो शंका काढायचा, ती उत्तरं द्यायची... आणि त्याच्या मिशीवरची शेव बोटाने झटकताना तिचं उत्तर अर्धवट राहायचं. एकदा तिने हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. शंभरातलं एक हरवतं आणि मेंढपाळ बाकीची सगळी सोडून त्याला शोधायला जातो. सुयोगने हातातली प्लेट खाली ठेवली. तो लहान असताना गिरणीतली नोकरी सुटल्यावर त्याचे बाबा घरातून निघून गेले, ते परत आलेच नव्हते.

"आमच्यातलं कुणी इतकं शोधत गेलं नाही गं," तो म्हणाला. त्या दिवसापासून त्याच्या शंका कमी झाल्या आणि प्रार्थनेला त्याचे डोळे आपोआप मिटायला लागले.

मग तिनेही कधी कुणाला न सांगितलेलं सांगून टाकलं. ती आठ वर्षांची असताना आई आजारी पडली. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास ठेवून मागितलं की देव देतो, असं सगळे म्हणाले. सलोमी गुडघे दुखेपर्यंत मागत राहिली. आई गेली. आईला माती दिली त्या दिवशी चर्चमधल्या एका मावशीने तिला जवळ घेऊन, अगदी मायेने सांगितलं, विश्वास कमी पडला असेल, बाळा. तेव्हापासून सलोमी ते कमी पडलेलं भरून काढत होती, एकही रविवार न चुकवता.

"आठ वर्षांच्या पोरीने अजून किती विश्वास ठेवायचा होता?" सुयोगने विचारलं. तिचा हात त्याने धरला होता आणि रागाने त्याचा आवाज चढला होता.

ती तिथेच, शेवपुरीवाल्यासमोर रडली. किती वर्षांनी हलकं वाटलं! खरा जीव जडला तो त्या क्षणी. पण घरी जाऊन गुडघे टेकले, तर शब्दच येईनात... दुसऱ्या दिवशीही नाहीत. आपला विश्वास कमी पडला, या ज्या भीतीवर तिची सगळी श्रद्धा उभी होती ती गेली, आणि वरचं सगळं तिच्याबरोबर गेलं.

सांगायला हवं होतं. पण मुलगा विश्वासणारा, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेला असेल तरच लग्न, अशी तिच्या पप्पांची अट होती. आणि सुयोग बाप्तिस्म्याची तयारी करत होता, अटीसाठी नव्हे, मनापासून. त्या वर्षी तो पहिल्यांदाच गणपतीला गावी गेला नाही. त्याची आई एवढंच म्हणाली, "माका काय कळणा नाय. तू सुखी रव." अशा माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं, की ज्या घरात तू येतोयस तिथून मी केव्हाच निघालेय? ताट फिरायच्या वेळी ती मुलांना घेऊन मागच्या खोलीत बसायला लागली.

त्याच्या बाप्तिस्म्याच्या रविवारी मात्र तिला पळता आलं नाही. आपण विश्वासात कसे आलो याची सगळ्यांपुढे साक्ष देताना तो म्हणाला, मला इथे सलोमीने आणलं. पप्पांनी डोळे पुसले. मग ताट आलं. सुयोगने डोळे मिटून भाकर खाल्ली, या वेळी अगदी बरोबर, आणि ताट तिच्यापुढे धरलं. एक तुकडा गिळला की पुढच्या महिन्यात लग्न. कुणाला काय कळणार होतं?

तिने ताट तसंच शेजारणीला दिलं.

गेटपाशी त्याने तिला गाठलं. बाप्तिस्म्याच्या पाण्याने त्याचे केस अजून ओले होते.

"कधीपासून?"

"तू विचारलंस ना... अजून किती विश्वास ठेवायचा होता... तेव्हापासून."

त्याने कपाळावरचे केस मागे सारले. मग म्हणाला, चालेल, तरी लग्न करू, पप्पांना मी समजावतो. त्याच्या डोळ्यांत इतकी माया होती की ती हो म्हणणारच होती.

"मी रोज प्रार्थना करीन तुझ्यासाठी," तिचा हात घट्ट धरत तो म्हणाला. "विश्वासाने मागितलं ना, की तू नक्की परत..."

अगदी त्या मावशीसारखं, मायेनेच. सलोमीने हात सोडवून घेतला.

"आणि मी नाही आले, तर विश्वास कुणाचा कमी पडला म्हणायचं रे? तुझा की माझा?"

आत चहा सुरू झाला होता आणि राजेश त्याच्या नावाने हाका मारत होता.

"जा. तुला शोधतायत," ती म्हणाली आणि एकटीच पाच रस्त्याकडे निघाली.

कोपऱ्यावर तिने वळून पाहिलं. गेटपाशी लोकांनी सुयोगला घेरलं होतं, मिठ्या मारत होते. तिला शोधत कुणी येत नव्हतं.