मनकर्णाबाईचे दोन लेक

केळझरच्या शिवारातल्या विहिरीतून प्रेत वर काढलं, तेव्हा फौजदार बाबाराव त्यावर वाकले. चौतीस-पस्तीसचा पुरुष. डोक्यात मागून घाव. डाव्या भिवईवर जुना व्रण.

"हा तर परवा मनकर्णाबाईच्या दारात आलता," तिची शेजारीण कोकिळा म्हणाली. "मीच तुहा पुनाजी, म्हने. बाईनं शेण फेकून हाकलला त्याले. सेलूच्या ठाण्यावर जातो, म्हनत गेला."

"काऊन?"

"खरा पुनाजी शिमग्यापासून घरातच हाय ना, साहेब!"

बाबाराव शिपायांना घेऊन मनकर्णाबाईच्या घरी गेले. म्हातारी ओट्यावर बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डाव्या नाकपुडीला नथीचं रिकामं भोक. तिचा एकुलता पोरगा बाराव्या वर्षी पळून गेला होता. आता, १९५३ साली, तो परत आला होता. तिच्या शेजारी बसून दुधात भाकर कुस्करत होता. त्याच्या उजव्या भिवईवर व्रण होता.

"हाच पुनाजी कशावरून?"

"फोटोच पाहा ना, साहेब," दारातला बंडूजी म्हणाला. हा गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून जुने फोटो मागून नेई आणि वर्ध्यात त्यांची नक्कल करून आणी. "मीच आणून देल्ला मागच्या साली. जुना पार उडालता."

बाबारावांनी भिंतीवरचा फोटो उजेडात नेला. तरणी मनकर्णा, उजव्या नाकपुडीत टपोरी नथ. पुढ्यात पोरगा. व्रण उजव्याच भिवईवर.

"जुना कुठंय?"

"फाटला. फेकून देल्ला."

"बाई, पोराले कोण्या बाजूले लागलं होतं?"

"इळा लागलता, बापा. बाजू काय सांगू? इतकी वर्षं झाली. डोळे गेले. फोटोत हाय तेच खरं."

"अन् परवाच्या माणसाले?"

"डावीकडं होतं म्हने. सारं गाव हासलं. मी लबाड म्हंतलं त्याले."

बाबारावांनी फोटो पुन्हा उजेडात धरला. "नथ कधी उजव्या नाकात घातली?"

"उजव्या? तिकडं टोचलंच नाई!"

दुधात कुस्करणारी बोटं थांबली.

"हा फोटो उलटा छापलाय," बाबाराव म्हणाले. "छापताना निगेटिव्हची काच पालथी ठेवली की डावं ते उजवं होतं. पोराचा व्रण फिरला, पण आईची नथही फिरली. बंडूजी, बाईनं फोटो देताना सारी कथा तुले सांगितली. तू उजव्या व्रणाचा माणूस शोधला, पढवला, त्याच्याशी जुळावा म्हणून फोटो उलटा छापवला, अन् अस्सल फोटो नाहीसा केला. बाईचं वावर त्याच्या नावावर होऊन तुह्या घशात जाणार होतं. तेवढ्यात खरा आला. घरातून हाकलला, तरी तो सेलूच्या ठाण्यावर निघाला होता."

"मी नाई मारलं!" तोतया ओरडला. "दगड यानं घातला. मी फक्त पाय धरले!"

बंडूजी पळाला, शिपायांनी त्याला गोठ्याशीच धरला.

बेड्यांचा आवाज झाला तशी म्हातारी चाचपडत उठली. "म्हंजे विहिरीतला माहा होता?"

"हो, बाई."

 मग हात पुढं करून तिनं तोतयाची बाही पकडली.

"याले नका नेऊ, साहेब."

"बाई, यानं तुमच्या पोराले मारलं."

"आयकलं मी. बहिरी नाई." तिची मूठ सुटेना. "त्याले तर मी पाणीबी नाई पाजलं. आता आये म्हनायले याच्याबिगर कोन हाय मले?"

तोतयानं मान फिरवली. बाबारावांनी शिपायाला खूण केली. शिपायानं म्हातारीचं एकेक बोट उकलून ती बाही सोडवली.