अर्ध्या श्वासाचा ठोका

एस्तेरने आजोबांच्या डोळ्यांवर ओढणी बांधली आणि दम दिला, "वर सरकवायची नाही हं! नुसतं ऐकायचं आणि सांगायचं, जुनी तबकडी वाजली की माझी नवी प्रत."

"माझी म्हणे! केलं सगळं यंत्राने," निहाल म्हणाला. हा तिचा शाळासोबती, तबकड्यांच्या पायी ठार वेडा. खरखरीशिवाय रॉक म्हणजे फोडणीशिवाय आमटी, असं त्याचं म्हणणं.

यंत्र मात्र भन्नाटच होतं! नाव 'नितळ'. आधीची यंत्रं नुसती खरखर पुसायची. हे तबकडीची खाच प्रकाशाने वाचायचं, वादकाला काय वाजवायचं असेल ते ताडायचं आणि तेच वाजवायचं. घसरलेला सूर जागेवर, रेंगाळलेला ठोका वेळेवर! एस्तेर ते बनवणाऱ्या कंपनीत होती. आजोबांच्या 'काळा कातळ' बँडचा एकुलता एक अल्बम तिने हट्टाने त्यातून काढून घेतला होता. बँडमधले आता उरले होते फक्त आजोबा, ड्रमवाले. त्यांनी हो म्हटलं की नवी प्रत जगभर जाणार आणि जुनी सगळीकडून काढली जाणार. म्हणून तर आठवडाभर तिने त्यांना नवीच ऐकवली होती, उठता-बसता. तेही खूश, खुर्चीच्या हातावर बोटांनी ड्रम वाजवत बसायचे.

निहालने हळूच जुनी तबकडी लावली. तिसरं गाणं. खरखर, मग गिटार, आणि कडव्याच्या तोंडाशी ठोका अर्धा श्वास थांबला.

आजोबांची बोटं थांबली नाहीत. सरळ पुढे निघून गेली.

या जागी आजोबा आयुष्यभर थांबत आले होते! हात हवेत धरायचे, म्हणायचे, "ये रे योना, ये," आणि मगच ठोका द्यायचे. योनाकाका बेस गिटार वाजवायचे. त्यांची बोटं बधिर होत चालली होती, पुढच्या सुरावर पोचायला उशीर व्हायचा. ते कुणाला कळू नये म्हणून आजोबा ठोकाच लांबवायचे. घरात लहानथोर सगळ्यांना ही गोष्ट पाठ होती.

"कोण गं हा ड्रमर?" आजोबा म्हणाले. "अडखळतोय की! ही काही आमची तबकडी नव्हे."

निहाल चमकून तबकडीकडे पाहू लागला.

"आजोबा," एस्तेर म्हणाली, "तुम्ही योनाकाकांसाठी थांबायचात ना इथे?"

"योनासाठी? कशाला? तो कधी मागे पडला?" आजोबा हसले. "नव्या प्रतीत ऐकलंस ना, कसा टकाटक येतो! माझा होकार कळवून टाक, पोरी."

यंत्राने तबकडीवरचं थांबणं पुसलं होतं, पण आजोबांच्या मनातलं तिने स्वतःच्या हाताने पुसलं होतं. आठवडाभर, लाडाने.

तिने सुई उचलली, पुन्हा त्याच गाण्यावर ठेवली आणि आजोबांच्या कानाशी वाकून म्हणाली, "ये रे योना, ये..."

खरखर. गिटार. आजोबांची बोटं खुर्चीच्या हातावर चालू लागली. कडवं जवळ आलं.

थांबतील?