सतराव्या पानावरची ओळ

पाऊस थोडा ओसरू दे म्हणून ती कंपनीच्या वर्कशॉपच्या मागच्या दाराशी थांबली. आत एक माणूस उलट्या खोक्यावर बसून वॉशिंग मशीनची माहितीपुस्तिका वाचत होता... कादंबरी वाचावी तशी, रमून.

सहा वर्षं ती या कंपनीत पुस्तिका लिहीत होती, पण वाचणारा माणूस आजवर तिच्या दृष्टीस पडला नव्हता.

"ही... लोक वाचतात?"

"छे! पिशवीसुद्धा फोडत नाहीत. मशीन अडलं की मला फोन." तो हसला. "मी मात्र अक्षर न् अक्षर वाचतो. कुणी बाईच लिहीत असणार. 'झाकण हलक्या हाताने लावा...' आम्हाला नसतं सुचलं."

"मीच ती," म्हणताना तिचे कान तापले.

तो दुरुस्ती करायचा. सगळे त्याला डॉक्टर म्हणत. तेव्हापासून छपाईआधी प्रत्येक पुस्तिका त्याच्याकडे तपासायला जाऊ लागली. चुकीवर तो लाल पेन्सिलीनं खूण करी आणि कागद द्यायला स्वतः तीन जिने चढून येई. लिफ्ट चालू असताना!

"डॉक्टर, पेशंट वरच्या मजल्यावर वाटतं?" शेजारच्या टेबलावरची मैत्रीण मुद्दाम खोकून विचारी.

वर्ष सरलं, तरी बोलणं नळी आणि स्क्रूच्या पुढे सरकेना. आणि मग त्याची बदली झाली. दूरच्या शाखेत, दोन वर्षांसाठी. सोमवारी निघायचं होतं.

मैत्रिणीनं तिच्या हातात एक पुस्तक कोंबलं — सात पायऱ्यांत मन मोकळं करण्याचं. तिसरी पायरी : आरशासमोर दहा वेळा मोठ्यानं म्हणा. "मला तुम्ही आवडता," असं ती चौथ्यांदा म्हणाली, तोच बाहेरून आईचा आवाज आला, "बरं बाई! पण आता बाथरूम सोड, बाबा खोळंबलेत."

पुस्तक तिथेच मिटलं.

शुक्रवारी सकाळी नव्या पुस्तिकेच्या सतराव्या पानावर, 'पाणी गळत असल्यास' आणि 'आवाज येत असल्यास' यांच्यामध्ये, तिनं एक ओळ घातली — 'तुम्ही गेलात तर मला करमणार नाही.'

दुपारी कागद परत आले. शिपायाच्या हातून! सतराव्या पानावर एकही खूण नव्हती. शेवटी फक्त सही होती — 'तपासले.'

म्हणजे त्यानंही न वाचताच सही ठोकली? कागद छातीशी धरून ती तडक खाली गेली.

"तुम्ही वाचलं नाहीत," ती म्हणाली.

"वाचलं."

"मग खूण नाही केलीत?"

"खूण मी चुकीवर करतो."

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. तिला वर बघवेना.

"मग... वर का नाही आलात?"

"दोनदा निम्म्या जिन्यातून परत फिरलो. वर येऊन काय बोलायचं, ते कुठे लिहिलंय का?" तो हात पुसत उगाच घोटाळला. "मलाही नाही हो करमणार. पण जावं तर लागणारच. दोन वर्षं म्हणजे..."

"आत्ताच मोजायला लागू नका ना," ती हलकेच म्हणाली. "उद्याचा दिवस आहे... परवाचाही आहे."