सतरा नंबरची चिप

"सतरा नंबरची चिप झाकलेलीच ठेवायची. का, ते विचारायचं नाही." दुर्बिणीच्या कॅमेऱ्यावर कामाला लागली त्याच दिवशी साहेबांनी धाकटीला हे बजावलं. आधीची इंजिनियर ती थोरली, म्हणून ही धाकटी. नात्यागोत्याचं काही नव्हतं.

प्रकाश पकडणाऱ्या साठ चिपा शेजारी शेजारी जडवलेला तो कॅमेरा एका दमात आकाशाचा भलामोठा तुकडा टिपायचा. सतरावी थोरलीने बसवली आणि त्याच आठवड्यात ती वारली. तेव्हापासून प्रत्येक फोटोतला तेवढा चौकोन संगणकावर काळा केला जायचा.

"थोरलीचा हात लागला की काचसुद्धा शहाण्यासारखी वागायची," मिस्त्रीकाका म्हणायचे. "तू जरा दमाने घे, पोरी."

धाकटीचा जळफळाट व्हायचा. अठरावी बिघडली तेव्हा नवी तिने बसवली होती, केसाइतकी फट न ठेवता. त्याचं कौतुक कोणी करेल तर शपथ! मेलेल्या बाईशी बरोबरी करायची तरी कशी? ती आता चुकणारच नाही.

म्हणून एका दुपारी, घुमट बंद, शटर बंद असताना, तपासणीचा रोजचा काळा फोटो घेताना तिने सतरावरचा तो काळा चौकोन काढून टाकला. थोरलीच्या कामातली खोट तिला एकदा बघायचीच होती.

प्रकाशाला आत शिरायला वाटच नव्हती. चिपा गोठवून ठेवणारा पंप तेवढा घुरघुरत होता. तरी सतरावर एक तळवा उमटला होता, फिकट, बायकी. त्याची बोटं शेजारी अठरावर पसरली होती. तिने पुन्हा फोटो घेतला. बोटं आणखी पुढे सरकली होती...

तिने साहेबांना आणि काकांना बोलावलं. साहेबांनी पडद्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही.

"अठराही झाकून टाक. अहवालातून काढ."

"सर, ती माझी आहे!"

"तिला... शेजारी कोणी खपत नाही," काका कुजबुजले. "आधीची अठरावीसुद्धा अशीच गेली..."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? आणि मला नुसतं दमाने घे म्हणत होतात?"

"झाक म्हणतोय ना!" साहेब म्हणाले.

"नाही झाकणार. तिची जागा तिला लखलाभ. माझी मी देणार नाही. अठरा उघडी राहील आणि अहवालात माझ्या नावानिशी जाईल."

काका दोन पावलं मागे सरले. दोघंही तिच्या खांद्याकडे बघत होते.

तिने मान वळवली. काळ्या स्वेटरवर पाच बोटं उमटली होती, पांढऱ्या बर्फाची. खोलीत हीटर चालू होता. बर्फ वितळत नव्हता.