तुम्ही कोणाला विचारता?

सकाळपासून तो माणूस पाचव्यांदा माझ्या दारात उभा होता.

"मॅडम, केबल वर कुठून चढते?"

"जिन्यामागून."

"आणि शिडी कुठे मिळेल?"

"चादरी ठेवतात त्या खोलीत. पण तुम्हाला शिडी कशाला हवी? हात वर केलात की छताला लागतोय."

तो हसला. खरोखरच ताडमाड उंच होता, माझ्या खोलीत शिरताना आपोआप मान वाकवायचा. मी मनातल्या मनात त्याचं नाव 'शिडी' ठेवून टाकलं आणि पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घातलं.

मी डोळ्यांच्या हॉस्पिटलात नेटवर्क सांभाळते. कागदावर एवढंच. प्रत्यक्षात लिफ्ट अडली, प्रिंटर रुसला, कुणाचा चष्मा हरवला, की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य... तिला विचारा! रिसेप्शनवरच्या मावशी तर मला 'चौकशी खिडकी'च म्हणतात. मी वरवर वैतागायचे. पण खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

दार पुन्हा वाजलं.

"आता काय?"

"शेवटचं," तो चौकटीला टेकून म्हणाला. "सगळे तुम्हाला विचारतात. तुम्ही कोणाला विचारता?"

"म्हणजे?"

"म्हणजे... तुम्हाला काही अडलं तर?"

"मला अडत नाही," मी तोऱ्यात म्हटलं.

"बरं," तो म्हणाला आणि निघून गेला. आगाऊ कुठला! तो प्रश्न मात्र दिवसभर डोक्यातून जाईना.

तो बाहेरच्या कंपनीकडून आला होता. समोरच्या नव्या इमारतीत इंटरनेटची दुसरी लाइन बसवायची, ती माझ्या जुन्या लाइनशी जोडायची, आणि आठवड्याभरात पसार व्हायचं, एवढंच त्याचं काम.

त्याच दुपारी मोठ्या डॉक्टरबाईंनी मला बोलावलं. "त्या नेटवर्कच्या ट्रेनिंगचं काय ठरवलंस? बाहेरगावी चार महिने, सगळा खर्च आपला. शनिवारपर्यंत कळव गं. यावर्षीही नाही म्हणालीस तर दुसऱ्या कुणाला तरी पाठवावं लागेल."

मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की त्या ट्रेनिंगची माहिती मी गुपचूप उघडून पुन्हा पुन्हा वाचायचे. पण मी गेले तर इथे कोण बघणार? आणि घरी? आई, धाकटा भाऊ, वहिनी, तिचं बाळ, सगळ्यांची चौकशी खिडकी मीच. "सांगते," म्हटलं आणि नकार मनात पक्का करून खाली आले.

खाली शिडी माझ्याच खुर्चीत बसला होता. मला बघून गडबडीनं उठला.

"माझ्या राउटरमध्ये काय बघत होतात?"

"ओळख करून घेत होतो. आता याला शेजारी मिळणार ना!"

त्याचं खरं होतं. राउटर काही सगळ्या जगाचे पत्ते पाठ करत नाही. त्याला आपल्या खोल्या माहीत असतात. ज्याचा पत्ता ठाऊक नाही ते सगळं तो एका ठरलेल्या दारानं बाहेर ढकलतो. त्याला आम्ही डिफॉल्ट रूट म्हणतो. आजवर ते दार एकट्या माझ्याकडे होतं. माझा राउटर सगळ्या मजल्यांवरच्या राउटरांना सांगायचा, 'इकडे या, बाहेरची वाट माझ्याकडे आहे.' आता नव्या इमारतीतूनही कुणीतरी तेच सांगणार होतं.

"एक लाइन तुटली तर दुसरी सांभाळेल," तो म्हणाला.

"माझी तुटत नाही."

"कधीच?"

"माझ्या देखत तरी नाही."

"मग तुम्ही घरी गेल्यावर काय करते बिचारी?"

मला हसू आलं... आणि ते त्यानं पाहिलं. मी उगाच टेबलावरचे स्क्रू गोळा करायला लागले.

पुढचे दिवस कसे गेले कळलंच नाही. दोन इमारतींमधल्या पुलावर आम्ही केबल ओढायचो. तो वर, मी खाली. भुरभुर पाऊस आडवा यायचा, आणि तो न बोलता वाऱ्याच्या बाजूला सरकून उभा राहायचा. एकदा चहा पिताना मी ट्रेनिंगचं सांगून टाकलं. का सांगितलं देव जाणे.

"मग? जाताय ना?"

"नाही जमायचं. माझ्यावाचून इथलं पान हलत नाही."

तो उरलेला चहा संपवून पुन्हा केबलकडे वळला. मला वाटलं होतं, आग्रह करेल.

शुक्रवारी दुपारी, पेशंट नसताना, चाचणी ठरली. तो नव्या इमारतीत, मी जुन्या, मधे फोन.

"काढा तुमची लाइन," तो म्हणाला.

मी वायर उपसली. आता सगळं त्याच्या लाइनवरून सुरळीत चालायला हवं होतं. पण कसलं काय! रिसेप्शनवरून मावशींचा आवाज आला, "अगं, सगळं बंद पडलं गं!"

"तुमच्याकडे काहीतरी चुकलंय," मी फोनवर फणकारले.

"माझ्याकडे वाट चालू आहे. पण कुणी येतच नाहीये इकडे." कीबोर्डची टकटक ऐकू आली. "मॅडम... तुमचा राउटर अजून सगळ्यांना सांगतोय, 'माझ्याकडे या.'"

"कसं शक्य आहे? वायर माझ्या हातात आहे!"

"म्हणूनच विचारतो. याच्या सेटिंगमध्ये 'ऑलवेज' कुणी लिहिलंय?"

मीच लिहिलं होतं, आणखी कोण! तो शब्द असला की राउटर, आपल्याकडे वाट असो वा नसो, वाट आहे म्हणूनच सांगत सुटतो. मजले बिचारे विश्वासानं सगळं पाठवतात आणि ते जातं खड्ड्यात. मला तेव्हा वाटलं होतं, माझ्याकडून कुणाला 'नाही' ऐकू जाऊ नये.

"आणि अजून एक," तो हळू आवाजात म्हणाला. "जोवर तो स्वतः सांगत राहतो ना, तोवर माझं ऐकतच नाही. मी इकडून सारखा सांगतोय, इथे वाट आहे... त्याच्या गावीही नाही."

"तुम्ही राउटरबद्दलच बोलताय ना?"

"हो." मग थोडं थांबून, "म्हणजे... आत्तापर्यंत तरी हो."

माझे कान तापले. बरं झालं, मधे अख्खा पूल होता. मी वायर परत लावली, तो शब्द पुसला आणि वायर पुन्हा काढली. माझा राउटर गप्प झाला, आणि क्षणभरात मावशी ओरडल्या, "आलं गं, आलं!" जीव भांड्यात पडला.

त्या संध्याकाळी घरात पाऊल टाकते तोच आई म्हणाली, "अगं, पाण्याच्या मोटरवाल्याला उद्या किती वाजता बोलावू?" वहिनी म्हणाली, "ताई, बाळाच्या डॉक्टरांकडे कधी जायचंय?" धाकट्याला स्वतःचा चार्जर सापडत नव्हता. रोजच्यासारखं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं... आणि काय झालं कोण जाणे, म्हटलं, "मला माहीत नाही."

आईनं येऊन माझ्या कपाळाला हात लावला. "बरं वाटत नाहीये का?"

"दमलेय गं आई. खूप दमलेय."

हे मी कधी म्हटलंच नव्हतं. वहिनी जरा घुटमळली, मग म्हणाली, "थांबा, मी दवाखान्यात फोन लावते." धाकट्यानं मोटरवाल्याशी बोलून वेळ ठरवली. चार्जर त्याच्याच बॅगेत निघाला. मला हायसं वाटलं आणि रागही आला. म्हणजे इतकी वर्षं यांना सगळं येत होतं!

"मी चार महिने ट्रेनिंगला जाणार आहे," मी म्हटलं.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं, मग ती हसली. "माझी निळी बॅग ने. तुझ्या बॅगेची चेन बिघडलीय. बघ, मलाही माहीत असतं काही काही."

शनिवारी मी डॉक्टरबाईंना हो म्हणून आले तेव्हा शिडी उरलेली केबल गुंडाळत होता.

"जाताय म्हणे."

"कोण म्हणालं?"

"मावशी. मी विचारलं नव्हतं हं." त्यानं केबलला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "छान झालं. माझंही इथलं काम संपलंच. आता यायला काही निमित्त नाही."

मी म्हटलं, "हं." इतकी बडबडी मी, आणि ऐन वेळी नुसतं हं! स्वतःचाच राग राग आला.

निघायच्या दिवशी आईला मी घरूनच निरोप दिला, स्टँडवर रडारड नको म्हणून. बसपाशी पोचले तर हा उभा. मान न वाकवता, मोकळ्या आभाळाखाली, आणि तरी कसा अवघडलेला.

"मावशींनी वेळ सांगितली," तो म्हणाला. "या वेळी मी विचारली होती."

त्यानं निळी बॅग वर चढवली. ड्रायव्हर येऊन बसला.

"एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी शिडी कुठे असते ते मला माहीत होतं. वॉचमननं आधीच दाखवली होती."

"मग मला विचारायला का आलात?"

"तुम्हीच सांगा. तुम्हाला सगळं माहीत असतं."

"मला..." मी थांबले. "हे नाही माहीत."

"मग आता ऐका. तुम्ही मला आवडता. खूप आवडता. चार महिन्यांनी याच स्टँडवर मी उभा असेन. तुम्ही नाही म्हणालात तर... नसेन."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी पायरीवर चढले, आणि पहिल्यांदाच माझे डोळे त्याच्या डोळ्यांसमोर आले.

"पहिल्या दिवशी एक विचारलं होतंस," मी म्हटलं. "मी कोणाला विचारते म्हणून. त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय."

"मग?"

"तुला."

तो इतका हसला की शेजारचे प्रवासी बघायला लागले. बस हलली. नवं शहर कसं असेल, खोली कशी असेल, जमेल का मला, काही म्हणजे काही माहीत नव्हतं, आणि भीतीही वाटत नव्हती. बस फाटकातून वळायच्या आत मी फोन लावला. मागच्या काचेतून मला तो खिसे चाचपताना दिसत होता.

"इतक्यात काय अडलं?" त्यानं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "तू बोल... मी ऐकतेय."