भातात रोवलेला चमचा

"हात लावू नका त्याला!"

चैत्राली घाईत मराठीतच ओरडली खरी, पण तोवर समोरच्या गड्यानं टिश्यूचं पाकीट फोडून नाक पुसलंसुद्धा होतं.

२०१७ सालची गोष्ट. तोआ पायोहचं हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांचा बाजारच, जेवणाची वेळ, पाय ठेवायला जागा नाही. सिंगापुरात टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती जागा तुमची. खुशाल ताट आणायला जा, कुणी बसणार नाही. पण हा धम्मानंद अमरावतीहून नुकताच आलेला! त्याला वाटलं, बडीशेप ठेवतात तसं हॉटेलवाल्यानं ठेवलंय.

"ही माझी जागा आहे."

"कागदानं धरता? आमच्याकडं रुमाल टाकतात."

"मग नाकालाही रुमालच लावायचा ना!"

"काऊन चिडता बाप्पा... बसा की. जागा तुमची, नाक माझं."

हसू आलं तिला. पण दाखवेल ती पुण्याची कसली! फणकाऱ्यानं बसली, आणि बसली ती बसलीच... दर शुक्रवारी, त्याच टेबलाशी.

धम्मानंद इंजिनियर. समुद्राला बांध घालायचं काम. ही विद्या हॉलंडच्या लोकांची, म्हणून तिथल्या जुन्या गावांचं त्याला भारी वेड. ताटातच गाव मांडायचा. भाताचा ढीग केला, भोवती आमटी सोडली —

"हे बघ, हा समुद्र. बांध नव्हते तेव्हा लोक चिखल नि शेण रचून टेकाडं करायचे, त्यावर गाव. त्यांचं चर्च सगळ्यात उंचावर."

"आणि आमटी गार झाली की?"

"मग बांध आले. प्रत्येकानं आपापला तुकडा राखायचा. नाही झेपलं, तर बांधात फावडं रोवायचं आणि घरदार सोडून निघून जायचं." त्यानं चमचा भातात उभा केला. "जो ते फावडं उपटेल, त्याची जमीन. बांधही त्याचाच, भगदाडासकट."

चैत्राली त्याच्या बोटांकडं बघत राहिली. भाताकडं कोण बघतंय!

पुण्याला फोनवर तिनं सगळं सांगितलं. बाबांनी मुलाचं आडनाव विचारलं, आणि मग एकच वाक्य — "आपल्यातला नाही तो." कडाकडा भांडली ती. इतकी की शेजारच्या खोलीतल्या मुलीनं दार वाजवलं. दुसऱ्या दिवशी धम्मानंदलाही सांगितलं.

पुढच्या शुक्रवारी त्यानं घासही घेतला नाही.

"मी बदली मागितलीय. हॉलंडला."

"काय?"

"तुझं घर तुटायला नको, चैत्राली. मला नाही झेपत हे..." आणि चमचा भातात रोवून उठला की हो!

"खाली बस!"

आजूबाजूची दहा डोकी वळली.

"तुला विचारलं कुणी माझ्या घराचं? आडनाव ऐकून बाबांनी नाही म्हटलं, मला न विचारता. आणि तू? तूही नाहीच म्हटलंस, मला न विचारता! फरक काय रे तुमच्या दोघांत? त्यांच्याशी मी भांडतेय... आणि तू इथं फावडं रोवून मोकळा?"

"चिडू नको ना..."

"चिडणार! शंभरदा चिडणार!"

तिनं चमचा खसकन उपटला. शितं उडाली त्याच्या शर्टावर.

"आता बोल. उपटणाऱ्याचं काय होतं?"

"जमीन... त्याची."

"आणि?"

"बांधही. भगदाडासकट."

"बाबांचं भगदाड मी बघते. माती तू आणायची. पळायचं नाही." डोळे भरले होते, आवाज मात्र तसाच करडा. "आणि ती बदली?"

"उद्या नको म्हणून कळवतो."

"उद्या?"

"आत्ता... आत्ता! फोन तर काढू दे बाप्पा."

फोनऐवजी आधी त्यानं खिशातून टिश्यूचं पाकीट काढून तिच्यापुढं धरलं. तिनं डोळे पालथ्या हातानंच पुसले. पाकीट घेतलं आणि त्याच्या शर्टाच्या खिशात, छातीवर दाबून खुपसलं.

"धरली जागा," ती म्हणाली. "आता कुणी हात लावून बघा."

मग त्याच्याच ताटातला गार भात ती त्याच चमच्यानं खाऊ लागली... रागारागात.