धानाच्या प्रश्नाचं उत्तर

रविवारी दुपारी मधुकरराव कोटाला इस्त्री करत होते. अंगात घरचाच पायजमा होता. कॅमेऱ्यात कमरेखालचं काही दिसत नाही, हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

"वरून कलेक्टर अन् खालून पेशंट," कुसुमताई म्हणाल्या.

"जेवढं दिसते तेवढंच पाहतेत लोकं."

दामिनी पायरीवर बसून पेरू खात होती. भंडाऱ्याच्या वाचनालयातली नोकरी सांभाळून ती रविवारी मोहाडीला घरी यायची. त्या रविवारी वेगळं काहीच नव्हतं. आई चिडवत होती, बाबा इस्त्री करत होते, पेरू गोड होता.

'सांगा पाहू' हा मधुकररावांचा ऑनलाइन खेळ टाळेबंदीत सुरू झाला आणि नंतरही थांबला नाही. टीव्हीवर असतो तसाच. पडद्यावर प्रश्न, चार पर्याय, मागे संगीत. बझर म्हणून प्रत्येकाने घरचं ताट चमच्याने वाजवायचं. चिखल्याच्या खाण कॉलनीपासून बपेऱ्यापर्यंत लोक जोडलेले असत. आज अंतिम फेरी होती. एकोडीचे शेतकरी वीरेंद्र विरुद्ध चिखल्याची शिक्षिका रिता. बक्षीस मोहाडीच्या मागावरची टसरची साडी.

वीरेंद्र त्या संध्याकाळी सुटलेच. पर्याय पडद्यावर यायच्या आत ताट वाजवायचे, क्षणभर थांबायचे आणि उत्तर द्यायचे. अवघड प्रश्न, बरोबर उत्तरं. चुकले फक्त एकाच ठिकाणी. मधुकररावांनी विचारलं, "धानाच्या शेतीत यातलं सगळ्यात आधीचं काम कोणतं? पऱ्हे टाकणं, चिखलणी, रोवणी की निंदण?"

वीरेंद्र म्हणाले, "चिखलणी."

रिता हसली. "पऱ्हे, काकाजी. आधी रोपं टाकली नाही तं रोवान काय?"

तरीही एका प्रश्नाने वीरेंद्र जिंकले.

तासाभरात खेळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रिताचा आवाजी संदेश आला. "काकाजी, मागच्या फेरीत या माणसाच्या तोंडून शब्द निघत नव्हता, समोरच्याचं नेट गेलं म्हणून फायनलले आला. आज पर्यायाच्या आधी उत्तर? पेपर घरी पोचवला होता का?"

मग इतरांचेही संदेश आले. मधुकररावांनी एकच ओळ लिहिली : 'खेळ माझा होता. झालं ते माझ्यावर.'

लोकांना तो कबुलीजबाब वाटला.

सकाळी कुसुमताई चहा घेऊन गेल्या तेव्हा मधुकरराव उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. झोपेतच.

*

भेटायला येणारे लोक दारात चपला काढताना कुजबुजत. आत आले की गप्प होत. दामिनीला ते कळत होतं. आईलाही कळत होतं.

"येतीन ना वं लोकं तेरवीले?" कुसुमताई विचारत. उत्तराची वाट न पाहता पुन्हा विचारत.

बाबा परत येणार नव्हते. पण आईने भरलेल्या पत्रावळींसमोर एकटं बसू नये, एवढं तरी हातात होतं का? दामिनीने चुलतभावाला, चंदनला, बोलावलं. पडद्याचं काम तोच पाहायचा. बाबांनंतर गावाचा संशय त्याच्यावरच होता.

"प्रश्न तुझ्याशिवाय कोणाकडे होते?"

"कोणाकडेच नाही. मोठेबाबा तोंडी सांगत, मी समोर बसून टाइप करत होतो."

"कधी?"

"शनिवारी. दुसऱ्या तालमीत."

"आणि पहिली?"

"ते गुरुवारी, श्यामकाकासंग. नाटकवाल्यांची सवय. प्रॉम्प्टर बाजूले नसला तं मोठेबाबाले नमस्कारबी सुचत नव्हता."

मधुकरराव तरुणपणापासून मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकांत कामं करत. शेजारचे श्यामराव त्याच मंडळीचे प्रॉम्प्टर. झाडीपट्टीच्या नाटकात तालमी थोड्या होतात, नट गावोगावचे असतात. विंगेत बसलेला प्रॉम्प्टर वाक्य पुरवतो आणि नाटक पुढे जातं.

"शनिवारी काही बदललं?"

"एकच. धानाचा प्रश्न. मोठेबाबांनी उत्तर चिखलणी धरलं होतं. मी म्हटलं, मागावाल्याच्या घरचा माणूस धानाच्या बांधीत उतरला का असंच होते. माझी सासुरवाडी धानवाल्यांची, मले मालूम आहे. हसले. म्हणे, कर बाबा दुरुस्त."

"तेव्हा आणखी कोण होतं?"

"मोठीआई. चहा घेऊन आली होती. तिनंच जास्त चिडवलं त्याहिले." चंदनचा आवाज बारीक झाला. "ताई, तुलेबी वाटते का मी...?"

"नाही," दामिनी म्हणाली. "तुला बरोबर उत्तर माहीत होतं."

चंदनला काही समजलं नाही. तो डोळे पुसत उठला.

दामिनीने खेळाचं रेकॉर्डिंग लावलं. बाबांचा आवाज ऐकताच बंद केलं. थोड्या वेळाने पुन्हा लावलं.

वीरेंद्रांच्या चौकटीत वर पंखा फिरत होता. आणि त्यांच्या कानावर मफलर होता.

ताट वाजलं की ते मान किंचित डावीकडे झुकवत, नजर खाली करत, मग उत्तर देत. प्रत्येक वेळी तसंच. 'चिखलणी'च्या वेळीही तसंच.

शेजारच्या चौकटीत बाबा होते. 'चिखलणी' ऐकून त्यांचं हसू थांबलं. त्यांनी कॅमेरा सोडून बाजूला पाहिलं. तिथे फक्त भिंत होती. मग ते पुन्हा हसले आणि पुढचा प्रश्न वाचला. आवाज थोडा खाली गेला होता.

*

एकोडीत धानाची कापणी चालू होती. वीरेंद्र बांधावर उभे होते.

"काका, पऱ्हे आधी की चिखलणी?"

"हे काय विचारणं झालं, बाई? पऱ्हे. लहान पोरगंबी सांगन."

"मग त्या दिवशी?"

"घाबरलो होतो."

"मफलर?"

"कान दुखत होता."

"वर पंखा चालू होता, काका."

वीरेंद्रांनी शेताच्या धुऱ्याकडे पाहिलं. "साडी घेऊन जा, बाई. घडीबी मोडली नाही. पण मले विचारू नका."

"तुम्ही बाबांसोबत नाटकात होतात ना?"

"होतो. चार-पाच मंडया."

"प्रॉम्प्टर कोण होतं?"

वीरेंद्र कापणीच्या बायकांकडे निघून गेले.

*

श्यामराव ओसरीवर बसले होते. कुसुमताई हट्टाने दामिनीसोबत आल्या होत्या. श्यामराव रोज दुपारी त्यांच्याकडे येऊन बसत. आज या दोघी आल्या म्हणून ते गडबडून उठले.

"बसा, काका," दामिनी म्हणाली. "मी बोलते. चुकलं तर सांगा."

ते बसले.

"धानाची शेती ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या माणसाने धानाचं उत्तर चुकवलं. ते त्यांचं उत्तर नव्हतंच. कोणीतरी दिलेलं होतं. देणाऱ्याला वाटत होतं की खरं उत्तर चिखलणी आहे. बाबांनाही गुरुवारपर्यंत तेच वाटत होतं. शनिवारी चंदनने चूक सुधारली. म्हणजे उत्तर बाबांकडून फुटलं असतं तर बरोबर आलं असतं. चंदनकडून फुटलं असतं तरी बरोबर आलं असतं. आई तर शनिवारी तिथेच होती. चुकीचं उत्तर फक्त त्याच्याकडे राहिलं, जो गुरुवारी होता आणि शनिवारी नव्हता."

श्यामराव ओसरीच्या फरशीकडे पाहत राहिले.

"पण आधी पाठ करून आलेला शेतकरी धानाच्या प्रश्नाला अडला असता. मनात म्हणाला असता, हे चूक आहे. वीरेंद्रकाका अडले नाहीत, कारण ते त्याच क्षणी ऐकून बोलत होते. मफलरखाली फोनचा इअरफोन होता. विंगेतून वाक्य आलं की नट ते उचलतो. विचार करत नाही. तोंडातून गेल्यावर कळतं."

"अन् मी तिकडं फोनवर," श्यामराव म्हणाले.

"हो, काका."



"मागच्या फेरीले वीरेंद्र कॅमेऱ्यापुढं मुका झाला होता," श्यामराव म्हणाले. "मधु एकटाच बोलून राहिला होता. घाम फुटला होता त्याले. मले पाहवलं नाही. फायनलले तसं झालं तं मधुचा खेळ पडन, असं वाटलं. वीरेंद्रले म्हटलं, अडला तं मी आहो. मले वाटलं, एक-दोनदा लागन. पण तो ताट वाजवून थांबे, अन् माझं तोंड उघडे. जिंकवाचं नव्हतं वं बाई. माणूस अडकला का वाक्य द्याचं, जिंदगीत येवढंच केलं मी."

"बाबांना कळलं होतं," दामिनी म्हणाली. "चिखलणी ऐकलं त्याच क्षणी. ती चूक त्यांचीच होती. त्यांनी ती तुमच्यासमोर बोलून दाखवली होती."

"मालूम आहे. संध्याकाळी फोन आला त्याचा." श्यामरावांनी तोंडावरून हात फिरवला. "म्हणे, श्याम्या, तू काही बोलू नको. मी पाहतो सकाळी."



"येवढे दिवस माझ्याइथं चहा पेला तू," कुसुमताई म्हणाल्या. "लोकं काय बोलतेत ते मी तुलेच सांगत होती."

"वहिनी..."

"तुलेच सांगत होती, श्यामभाऊ."

*

रविवारी दामिनीने बाबांच्या खात्यावरून नेहमीची लिंक उघडली. सगळे आले. श्यामराव लॅपटॉपसमोर बसले. त्यांच्या बाजूला कोणी नव्हतं. ते अडखळले, थांबले, पुन्हा बोलले. पण पूर्ण बोलले.

पडद्यावर जोडलेल्या हातांची चित्रं वर सरकत राहिली. रिता रडत होती. "काकू, मले माफ करा. मी येवढं बोलाले नव्हतं पायजे." कोणी म्हणालं, मधुकरराव देवमाणूस. कोणी विचारलं, तेरवी कोणत्या वेळेला. आता सगळे येणार होते.

श्यामरावांनी चपला घातल्या. "मी नाही येत तेरवीले," एवढं म्हणून ते गेले. कुसुमताईंनी त्यांना थांबवलं नाही. त्या आत जाऊन डाळ निवडायला बसल्या.

एकेक चौकट बंद होत गेली. शेवटी एकच उरली. दामिनी बाबांच्या खात्यावर होती, म्हणून त्या चौकटीत कोट घातलेला त्यांचा फोटो होता आणि खाली त्यांचं नाव.

तिने सगळं बरोबर जुळवलं होतं. त्यातून एक माणूस निर्दोष ठरला होता, ज्याला ते ऐकू येणार नव्हतं. आणि ज्याला त्याने शेवटच्या संध्याकाळी झाकलं होतं, तो आता सगळ्यांसमोर उघडा होता. एक शब्द बाबांनी घरात सांगितला असता तर. आईला नाही तर निदान तिला.

त्या घरात मधुकररावांना उलट बोलायची पद्धत नव्हती. आई चिडवायची, पण तेवढंच. दामिनीने इतक्या वर्षांत त्यांचं म्हणणं एकदाही खोडलं नव्हतं.

तिने माइक चालू आहे का ते पाहिलं. चालू होता. ऐकायला कोणी नव्हतं.

"तुमी चुकले, बाबा," ती मोठ्याने म्हणाली.